आप्पांच्या रायफलीचं वजन

आमच्या घरात लोखंडी कपाटं दोन. एकात आईच्या इरकली साड्या, दुसऱ्यात रायफल. माझे कपडे खुंटीवर. यावरनं आमच्यात कुणाची काय किंमत होती ते ज्याचं त्यानं ओळखावं.

रायफल मूळची लष्करातली. जुना माल निघाला तेव्हा आजोबांनी घेतलेली. मागचा दांडा ओढायचा, ढकलायचा, मग एक गोळी. अक्कलकोटच्या अंगाला आमचं रान, तिथं डुकरांचा त्रास, म्हणून पीक राखायला रीतसर परवाना. आजोबांच्या मागं तो आप्पांच्या नावावर झाला. आप्पांनी ती जन्मात एकदाच चालवली. डुक्कर जागचं हललं नाही, आमच्याच विहिरीवरचा पाइप फुटला, आणि पाण्याचा फवारा अंगावर आला तसं डुक्कर पळालं. आप्पा ही गोष्ट कुणालाही सांगताना फक्त शेवट सांगायचे. डुक्कर पळालं, एवढाच.

बाकी वर्षभर ती कपाटात. खंडेनवमीला बाहेर यायची. पाटावर ठेवून विभूतीची तीन बोटं, झेंडूची माळ, आणि मग आप्पा ती दोन्ही हातांनी उचलून खांद्याला लावायचे. त्या वेळी आम्ही सगळी कान झाकून घ्यायचो. गोळी नसायची, दांडासुद्धा काढून ठेवलेला असायचा, तरी झाकायचो. रीतच ती. माझा धाकटा भाऊ पुण्यात संगणकावर मोठमोठी कामं करतो, पण त्या दिवशी व्हिडिओ कॉलवरसुद्धा कान झाकतो.

मला ती रायफल कधीच आवडली नाही. धूळ पुसायची मी, परवान्याच्या नूतनीकरणाला चकरा मारायच्या मी, आणि पाहुणे आले की आप्पा म्हणणार, "अक्का, जरा काढ की ती." अक्का म्हणजे मीच. भाऊ म्हणतो म्हणून घरात सगळेच म्हणतात, सख्खा बापसुद्धा.

मग आप्पांना अर्धांगाचा झटका आला. डॉक्टर म्हणाले सौम्य आहे. डॉक्टरांचं काय जातंय सौम्य म्हणायला! चालणं सुधारलं, बोलणं सुधारलं, डावा हात मात्र मागंच राहिला. त्यानंतर आम्ही एकेक गोष्ट बंद केली. रानात जाणं बंद, एकट्यानं बाजारात जाणं बंद, गोड बंद. आप्पांनी कशालाच हरकत घेतली नाही आणि मी धास्तावले ती त्यानंच. जो माणूस आमटीत मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घ्यायचा, तो आता खुर्चीत बसून "बरं" म्हणायचा. आमच्या गल्लीत असे तीन म्हातारे मी बघितलेत. आधी "बरं" म्हणतात, मग खुर्चीतनं उठत नाहीत, मग आपण उठवायला जातो.

अशात परवान्याची मुदत आली. चौकशीला हवालदार घरी आले, भला माणूस. म्हणाले, "आप्पा, हत्यार दाखवा." आप्पा मोठ्या तोऱ्यात कपाटाकडं गेले. रायफल कपाटातनं निम्मी बाहेर आली, आणि तिच्या वजनानं आप्पा तिला पोटाशी धरून पलंगावर बसले ते बसलेच. मी उचलायला गेले तर माझ्यावर डोळे वटारले. ते झटक्यानंतर पहिल्यांदा वटारले होते.

हवालदार खाली मान घालून म्हणाले, "मी आत्ता काय लिहीत नाही. पुढच्या महिन्यात ठाण्यात या. साहेबांपुढं तुमच्या हातानं उचला, खांद्याला लावा. जमलं तर शिफारस करतील. न्हाय जमलं तर जमा करावी लागंल, काय इलाज न्हाय."

ते गेले. मला खरं तर बरं वाटायला पाहिजे होतं. वीस वर्षं मी म्हणत होते, ही ब्याद घरातनं जाऊ दे. पण आप्पा पलंगावर बसून रायफलीच्या लाकडी दस्त्यावरनं हात फिरवत होते, आणि माझ्या तोंडून निघालं, "बघू की. महिना आहे अजून."

दोन दिवसांनी आप्पांनी मला मोबाइल दाखवला. त्यात एक दाढीवाला गोरा बाप्या लष्करातली जुनी रायफल घेऊन तिची स्काऊट रायफल करत होता. म्हणजे काय, तर वजन उतरवायचं, आखूड करायची, दुर्बीण डोळ्याजवळ न लावता पुढं लांब लावायची. एकट्या माणसाला दिवसभर हातात घेऊन फिरता आली पाहिजे, अशी रायफल.

"माणूस सुदरत न्हाय," आप्पा म्हणाले, "मग रायफल सुदरू. काय?"

आई भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "स्काऊट म्हंजी शाळेत असतंय ते. या वयात हाफ पँट घालणार काय? सुम्म कुंद्री." म्हणजे गप बसा. आईचं माहेर विजापूरकडचं, चिडली की ती कानडीत जाते. पण आप्पा गप बसणार नव्हते, आणि महिनाभर तेच तर मला हवं होतं.

रायफल दुरुस्त करणारे परवानाधारक चाचा आप्पांच्या ओळखीचे. त्यांच्या दुकानात गेलो. आप्पांनी मोबाइल दाखवला. चाचांनी तो शेवटपर्यंत बघितला, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "नली को हात नै लगाने का. नली काटे तो तुम भी अंदर, मैं भी अंदर. और ये बच्ची भी."

मी पन्नाशीला आलेली बच्ची. तरी बरं वाटलं.

"लकडी हलकी करो," चाचा म्हणाले, "पट्टा बदलो. बाकी नक्को."

म्हणजे आमची स्काऊट रायफल लाकूड आणि पट्टा यांच्यातच व्हायची होती. आप्पांना ते पुरेसं वाटलं. पण आधी वजन तरी कळायला हवं. घरातला काटा पीठ मोजायचा, त्यावर रायफल आडवी ठेवली की खालचा आकडाच दिसेना. शेवटी आप्पांच्या दोस्ताच्या शेंगाचटणीच्या दुकानात जायचं ठरलं. रायफल चादरीत गुंडाळली, परवाना पर्समध्ये घेतला, रिक्षा केली. दुकानात दहा गिऱ्हाइकं. दोस्तानं चटणीचं भगुणं उतरवलं आणि आमची चादर काट्यावर ठेवली. एका बाईनं विचारलं, "डबल बेडची हाय का ओ? लई जड दिसतीय." आप्पा म्हणाले, "व्हय, जुन्या मालातली हाय." चार किलोच्या वर भरली. घरी आल्यावर चादर सोडली तर रायफलीला लसणीचा वास. तो नंतर किती तेल लावलं तरी गेला नाही.

दस्ता करायला सुतार गाठला तो पूर्वभागातला, विणकरांच्या वस्तीतला. मागाची लाकडी कामं करण्यात उभी हयात गेलेली, आणि तोंडाचा असा पट्टा की ऐकणाऱ्यानं खाली बसावं. तेलुगू, मराठी आणि तंबाखू एकदमच तोंडात. म्हणाला, "मागाचा हात्या केला, रायफलीचा दस्ता काय मोठी गोष्ट? लाकूड ते लाकूड." नळी आणि बाकी लोखंड चाचांनी उतरवून स्वतःकडं ठेवलं, नुसता जुना आक्रोडाचा दस्ता सुताराकडं गेला. यानं शिवणीच्या हलक्या लाकडाचा नवा घडवला. झकास घडवला, खोटं कशाला बोलू. पण हात मागाचा पडला. कडेला सूत अडकू नये म्हणून मागाच्या लाकडाला जशी गोलाई देतात तशी दिली, आणि वर आपल्या मनानं दोन भोकं पाडली. मी विचारलं, ही कशाला? म्हणाला, "मापात असतेत ती. असू द्या."

भोकं कशाचीही असोत, वजन उतरलं. मग पट्टा. चामड्याचा जुना पट्टा बकलांसकट पाव किलोचा. आईनं घरातला नवा कोरा टॉवेल उभा फाडला, दुमडून शिलाई मारली आणि म्हणाली, "हे लावा. खांदाबी कापणार न्हाय, घामबी टिपंल." लावला. निळ्या पट्ट्यापट्ट्यांचा टर्किश टॉवेल. तुम्ही म्हणाल मी वाढवून सांगतेय. माझ्या आईशप्पथ, आमच्या लष्करी रायफलीला आंघोळीचा टॉवेल होता.

राहिली दुर्बीण. ती घेऊ नका म्हणून मी डोकं आपटलं. पण आप्पांना आता लांबचंच नीट दिसतं, पेपर हात लांब करून वाचतात, त्यामुळं पुढं लांब लावायची दुर्बीण हे त्यांना देवानं पाठवलेलं औषध वाटलं. आणली. रायफलीवर लागायच्या आधी आठवडाभर ती आप्पांच्या डोळ्यालाच. समोरच्या गच्चीवर कुणाच्या कुरडया वाळत घातल्यात, कुणाच्या पापडावर कावळा बसलाय, सगळी बातमी खुर्चीतनं. शेवटी समोरच्या काकू आल्या आणि आईला म्हणाल्या, "तुमचे मालक माझ्या गच्चीवर ओरडतेत. कावळा आला कावळा आला म्हणून. मी केस वाळवत असले की काय करायचं?" आईनं त्यांना चहा पाजला आणि त्या गेल्यावर आप्पांना असं काही कानडी ऐकवलं की मी ते इथं लिहीत नाही.

मग चाचांनी नव्या दस्त्यावर लोखंड बसवलं आणि दुर्बीण रायफलीवर चढली, लोखंडी पकडीसकट. आम्ही पुन्हा चादर, पुन्हा रिक्षा, पुन्हा चटणीचा काटा. आप्पांचा दोस्त काट्याकडं बघून म्हणाला, "अरे, एवढीच भरली व्हती की पयल्यांदा."

तसंच होतं. लाकडातनं जेवढं काढलं तेवढं दुर्बिणीनं परत घातलं होतं. आप्पा काट्याकडं बघत उभे राहिले. मला इतकं हसू आलं आणि त्यांचा चेहरा बघून इतकं रडू आलं, की मी आत जाऊन उगाच अर्धा किलो चटणी मागितली.

रायफल परत चाचांकडं गेली. दुर्बीण उतरली. पकड उतरली. आप्पांचे डोळे आणि रायफल, दोघंही पुन्हा जसेच्या तसे झाले. वजन मात्र आता खरंच कमी होतं.

हे चालू असताना दुसरीकडं आप्पांचा व्यायाम. ती आयडिया माझी. रायफल चाचांकडं, तर हात कशावर तयार करायचा? जुन्या उशीच्या अभ्र्याची लांबडी पिशवी शिवली, त्यात ज्वारी भरली. रोज सकाळी आप्पांनी ती दोन्ही हातांनी उचलून खांद्याला लावायची, आणि चार दिवसाला मी मूठभर ज्वारी वाढवायची. रायफल उतरत खाली येणार, आप्पा चढत वर जाणार, मध्ये कुठंतरी गाठ पडणार, असा माझा हिशेब. आप्पा ऐटीत उचलायचे. ज्वारी वाढली तरी उचलायचे. मी सगळ्यांना सांगत सुटले, आप्पांच्या हातात ताकद येतीय म्हणून. भावाला फोन केला. भाऊ म्हणाला, "ग्रेट, अक्का! पण एअर गन का घेत नाही? हलकी असते." मी फोन ठेवला.

एका सकाळी स्वयंपाकघरात गेले तर आई त्याच पिशवीचं तोंड सोडून ज्वारी दळणाच्या डब्यात ओतत होती.

"आई! हे काय?"

"काय काय? तू मूठ घालतीस, मी दोन मुठी काढती. भाकऱ्या कशाच्या खातीस मग?"

"अगं, आप्पांना वाटतंय वजन वाढतंय."

"वाटू दे की," आई म्हणाली. "त्यांना वाटतंय म्हणून तर उचलतेत."

मी मूठ घालत राहिले, आई काढत राहिली, आणि आप्पा आमच्या दोघींच्या मध्ये दिवसेंदिवस पैलवान होत गेले.

ठाण्यात जायच्या आदल्या दिवशी चाचांकडनं रायफल आणायला गेलो. चाचांनी नव्या दस्त्यावरचं सगळं लोखंड घट्ट करून ठेवलं होतं. आप्पांनी ती उचलली. उचलली! खांद्याला लावली, गाल टेकवला, खाली ठेवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सुतारानं गोलाई दिलेली, टॉवेल लोंबतोय, लसूण घमघमतोय, पण उचलली.

चाचा टॉवेलकडं बघून म्हणाले, "चलाने की तो नै ना?"

"का ओ?"

"पैले वजन में थी तो लात खुद खाती थी. अब हलकी करे तो लात किसको? खांदे को. एक गोली मारे तो तुम इधर, खांदा उधर."

लात म्हणजे गोळी सुटताना मागं बसणारा दणका. महिनाभर आम्ही तिघांनी, सुतारानं, चटणीवाल्यानं जीव काढला होता, आणि ही गोष्ट एकाच्याही डोक्यात आली नव्हती. कशी येईल? आमच्या घरात रायफल म्हणजे उचलायची वस्तू. पाटावरनं उचलायची, कान झाकायचे, ठेवायची. आधी आप्पांना चालवता आली असती पण उचलता येत नव्हती, आता उचलता येत होती तर चालवता येणार नव्हती.

आप्पा म्हणाले, "मारायचंय कुणाला? साहेबानं उचल म्हटलंय."

दुसऱ्या दिवशी आईनं त्यांना इस्त्रीचं धोतर दिलं, डोक्याला टोपी, कपाळाला विभूती. ठाण्यात नूतनीकरणाचे चार-पाच जण बाकावर बसलेले, सगळे दणदणीत पोटांचे, कमरेला छोटी पिस्तुलं. त्यांच्यात आमची टॉवेलवाली. साहेब तरुण होते. रायफल आधी एका पोलिसानं तपासली, रिकामी आहे याची खात्री केली, दांडा काढून टेबलावर ठेवला. वास घेतला, पुन्हा एकदा घेतला.

"हं, बाबा. उचला. भिंतीकडं तोंड करून."

आप्पांनी उचलली. एकदाही न थरथरता, सरळ, खांद्याला. मी सवयीनं कान झाकले. बाकावरचा एक पोटवाला माझ्याकडं बघायला लागला.

"वा," साहेब म्हणाले. "बास. ठेवा."

आप्पांनी ठेवली नाही.

"ठेवा, बाबा."

आप्पा तसेच. भिंतीला कॅलेंडर, कॅलेंडरखाली एक पोलीस टाइप करत बसलेला. रायफल रिकामी आहे हे त्याला माहीत होतं, दांडा त्याच्याच पुढ्यात होता, तरी तो खुर्चीसकट हळूच बाजूला सरकला.

"आप्पा," मी म्हणाले, "झालं. ठेवा खाली."

"ठेवतोय की," आप्पा दातातनं बोलले. "डावा हात सोडंना झालाय."

बोटं आवळून बसली होती. कपाळावरनं विभूतीचा ओघळ डोळ्यात चाललेला. साहेब उठून उभे राहिले, पोटवाले उठून उभे राहिले, कुणालाच कळेना हात लावावा की नाही. मी गेले. आप्पांच्या डाव्या हाताचं एकेक बोट धरून सोडवायला लागले. करंगळी सुटली, अंगठा काही केल्या सुटेना. एवढ्या जवळनं मी आप्पांचा हात कधी धरला होता मला आठवेना. थंडगार होता. अंगठा सुटला तशी रायफल माझ्या हातात आली, आणि खरंच सांगते, हलकी होती.

साहेब खुर्चीत बसले. पाण्याचा ग्लास आप्पांपुढं सरकवला. म्हणाले, "उचलता येतंय का एवढंच मला बघायचं होतं. उचललीत. मी शिफारस करतो."

"म्हंजी पास?"

"पास, बाबा."

आप्पा पाणी प्याले. टोपी सारखी केली.

"मग आता जमा करून घ्या," ते म्हणाले.

मला वाटलं माझ्या कानांनाच काहीतरी झालं. "आप्पा! पास झालात तुम्ही! साहेब, ते दमलेत, त्यांचं ऐकू नका. तुम्ही शिफारस लिहा." मी टेबलावर हात आपटला. वीस वर्षं जिला घरातनं घालवायचं म्हणत होते, तिच्यासाठी मी पोलीस ठाण्यात साहेबांशी भांडत होते, आणि ती माझ्याच काखेत होती. साहेब एकदा माझ्याकडं, एकदा आप्पांकडं बघत होते.

"बाबा, नक्की का? कुणी जबरदस्ती केली नाही ना?"

"कोण करतंय? हिला बघताय न्हवं," आप्पा म्हणाले. "घ्या जमा. टॉवेलासकट."

सगळं आटपायला दुपार झाली. बाहेर ऊन मी म्हणत होतं. रिक्षात बसल्यावर माझा बांध फुटला. मी अशी रडले की रिक्षावाल्यानं आरशातनं बघितलं. "कशाला केलं मग सगळं?" मी आप्पांना म्हटलं. "महिनाभर आम्ही काय येडे झालो होतो का? पास झाल्यावर कोण देऊन टाकतं?"

आप्पा डावा हात उजव्यात घेऊन चोळत होते.

"नापास झालो असतो तर कलेक्टरपतुर भांडलो असतो," ते म्हणाले. "ती मी सोडली न्हाय, त्यांनी नेली, असं झालं असतं. अक्का, या दोन वर्सात माज्याकडनं तुमी काय काय काढून घेतलं? चांगल्यासाठीच घेतलं, मला म्हाईत हाय. पर इचारलं का एकदा तरी? सगळं तुमी घेतलं. ह्ये एक मी दिलं."

मला पुढं रडताच येईना. पदरानं तोंड पुसलं.

चौकात रिक्षावाल्यानं मागं वळून मला विचारलं, "ताई, कुटं सोडायचं?"

"ओ, मला इचारा की," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी पत्ता सांगितला.